विहिरीवरचा बोजा: वसईतल्या एका गावाचं पाणी आणि सर्वांचं हित

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका गावात काही वर्षांपूर्वी जे घडलं ते इथे मांडतो आहे. गावाचं नाव देत नाही आणि घरांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी तेव्हा धर्मग्राम परिषदेचा, म्हणजे गावच्या चर्चशी जोडलेल्या भाविकांच्या मंडळाचा, चिटणीस होतो, त्यामुळे सभांची टिपणं माझ्याच हातची आहेत. शेजारच्या दोन धर्मग्रामांतून विचारणा झाली की तुम्ही पाण्याचं नेमकं कसं केलंत. तोंडी सांगताना चुका सांगायच्या राहून जातात, म्हणून हे लिहून काढलं.

पार्श्वभूमी

आमच्या पट्ट्यात जमीन रेताड आहे आणि समुद्र जवळ. तरी शेकडो वर्षं इथे केळी, पानवेल, भाजीपाला, सोनचाफा, मोगरा होत आला, तो बावखलांच्या जिवावर. बावखल म्हणजे वाडीत खणलेलं मोठं मातीचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि आसपासच्या विहिरींना वर्षभर पुरतं. पूर्वी त्यावर रहाट असायचे. विजेच्या मोटरी आल्या, रहाट गेले, मग बावखलाची गरजच काय असं वाटायला लागलं. आमच्या गावात माझ्या लहानपणी अकरा बावखलं होती. हे प्रकरण सुरू झालं तेव्हा चार उरली होती. बाकीच्यांवर भराव पडून कुठे बंगला उभा राहिला होता, कुठे गाड्या लावायची जागा झाली होती.

दुसऱ्या बाजूला रेल्वेच्या पलीकडे नालासोपारा आणि विरारची वस्ती अफाट वाढली. तिथल्या चाळींना नळाचं पाणी वेळेत मिळालं नाही. ती तहान टँकर भागवू लागले, आणि टँकर भरायला येऊ लागले आमच्या विहिरींवर. हा प्रश्न वसईला नवा नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी केली, तेव्हाही हिरवा पट्टा आणि त्याखालचं पाणी हेच मुद्दे होते. आमच्या गावातले निम्मे लोक त्या मोर्चांना गेलेले. म्हणून पुढे जे कळलं त्याची आम्हाला जास्त लाज वाटली.

गाव मिश्र आहे. ख्रिस्ती घरं जास्त, पण वाडवळ, भंडारी आणि कडेला आदिवासी पाड्यावरची दहा-बारा घरंही आहेत. धर्मग्राम परिषदेला गावावर कसलाही कायदेशीर अधिकार नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

अडचण

सुरुवात चहापासून झाली. एका आळीतल्या आजींनी मिस्सानंतर (चर्चमधल्या प्रार्थनाविधीनंतर) फादरांना सांगितलं, "फादर, चहात दूध फाटतंय. दूधवाला बदलला, तरी फाटतंय." डाळ शिजेना, केळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. त्यांची विहीर मचूळ झाली होती. महिन्याभरात त्याच आळीतल्या आणखी पाच विहिरींची तीच तक्रार आली.

किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ नियम असा की समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोड्या पाण्याचा थर टिकतो. म्हणजे उपशाने वरची पातळी एक फूट उतरली की कालांतराने खालून खारं पाणी चाळीस फूट वर सरकू शकतं. मोटर चालते एका विहिरीवर, खारं पाणी येतं तिसऱ्याच्या विहिरीत. आजींच्या घरी तर टँकर कधी आलाच नव्हता.

चार विहिरींवरून टँकर भरले जात होते. मार्चमध्ये आम्ही सलग चार दिवस मोजले: दहा हजार लिटरचे रोज सरासरी बावीस टँकर, म्हणजे दोन लाख वीस हजार लिटर. ग्रामीण नळयोजनांसाठी सरकारने माणशी रोज ५५ लिटरचं माप धरलं आहे. त्या मापाने चार हजार माणसांचं पाणी रोज आमच्या गावाखालून निघत होतं. विहीरमालकाला एका फेरीमागे दीडशे-दोनशे रुपये मिळत. चाळीतल्या बाईला तेच पाणी पिंपाच्या भावाने घ्यावं लागे.

कायद्याने बघितलं तर मालकाची बाजू भक्कम होती. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार आपल्या जमिनीखालचं, ठरावीक प्रवाहात नसलेलं पाणी गोळा करून वापरायचा हक्क जमीनमालकाचा. राज्याने १९९३ साली केलेला भूजलाचा कायदा सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आतल्या नव्या विहिरींवर बंधन घालत होता. आमच्या विहिरी जुन्या आणि सगळ्या खासगी. त्याच्या जागी आलेला २००९ चा भूजल व्यवस्थापनाचा कायदा कागदावर व्यापक आहे, पण तो आमच्या आळीपर्यंत कोण आणणार, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

पहिली सभा आणि एक प्रश्न

परिषदेची पहिली सभा उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, झाली. तरुण मुलं तापलेली होती. त्यांचा प्रस्ताव साधा होता: क्रूसाजवळ रस्ता अरुंद आहे, तिथे बसायचं, टँकर आत सोडायचा नाही. चारपैकी तीन विहिरींच्या मालकांची नावं उघड घेतली जात होती. "पैशासाठी गाव विकलं" असं एक वाक्य माझ्या टिपणांत आहे. कोण बोललं ते मी तेव्हाही लिहिलं नव्हतं.

तेवढ्यात मागे बसलेल्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारलं, "चौथी विहीर कोणाची?"

कोणी बोलेना. चौथी विहीर चर्चच्या वाडीतली होती. सभागृहाच्या बांधकामाचं कर्ज फेडायला आधीच्या समितीने ती टँकरला दिली होती. फादर नव्याने बदलून आले होते. त्यांना वाडीचं उत्पन्न ठाऊक होतं, ते कशाचं हे नीटसं ठाऊक नव्हतं. मला मात्र ठाऊक होतं. दर महिन्याला ती रक्कम हिशेबाच्या वहीत मीच "वाडी – इतर" म्हणून लिहीत होतो.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं पहिलं वळण हेच. आम्ही तीन घरांवर बोट ठेवून मोकळे झालो असतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं. फादरांनी त्याच रात्री ठरवलं की दुसऱ्या कोणाकडे जाण्याआधी चर्चची विहीर बंद करायची. सभागृहात फरशी बसवायची राहिली होती, ती पुढे ढकलली. त्या वर्षीचा सण ओबडधोबड सिमेंटवर साजरा झाला. काहींनी नाकं मुरडली.

कशाच्या आधारावर ठरवायचं

पुढच्या आठवड्यात फादरांनी आमच्यासमोर चर्चची सामाजिक शिकवण मांडली. प्रवचन केलं नाही, फळ्यावर तीन गोष्टी लिहिल्या. त्या इथे देतो, कारण नंतरचे सगळे निर्णय त्यांवरच घासून पाहिले गेले.

पहिली गोष्ट सर्वांच्या हिताची. पोप जॉन तेविसावे यांच्या १९६१ च्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रकात आणि नंतर १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘गाउदियुम एत स्पेस’ या दस्तऐवजात त्याचा अर्थ सांगितला आहे: माणसांना आणि समूहांना आपलं जीवन पूर्णत्वाला नेता येईल अशी समाजजीवनाची एकूण परिस्थिती. बहुमताचं हित किंवा सगळ्यांच्या फायद्यांची बेरीज असा तो अर्थ नाही. बेरजेत एखादं घर शून्य झालं तरी आकडा मोठा येऊ शकतो. इथे एकही घर वगळता येत नाही. मग पाणी विकणारं घरही त्या ‘सर्वां’त येतं, हे आमच्या गळी उतरायला वेळ लागला.

दुसरी गोष्ट मालकीची. चर्च खासगी मालमत्ता मानतं. पोप लिओ तेराव्यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’मध्ये तिची बाजू ठामपणे घेतली आहे. पण पृथ्वीवरची संपदा देवाने सर्वांसाठी दिली आहे आणि मालकी त्या हेतूच्या खाली येते, हेही तितकंच ठाम. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ साली खासगी मालमत्तेवर ‘सामाजिक गहाण’ असतं असा शब्द वापरला. फादरांनी तो आमच्या भाषेत सांगितला: सातबाऱ्यावर इतर हक्कांत सोसायटीचा बोजा चढलेला असतो ना, तसा या विहिरीवर शेजाऱ्याचा बोजा आहे. तो तलाठ्याने चढवलेला नाही, म्हणून उताऱ्यावर दिसत नाही. वाडीवाल्या माणसाला हे लगेच कळलं. वीस वर्षं परिषदेत बसून मी जे वाचलं नव्हतं ते त्या एका शब्दाने मला समजलं.

तिसरी गोष्ट, काम कोणी करायचं याची. पोप पायस अकरावे यांनी १९३१ साली मांडलं की लहान समूह जे स्वतः करू शकतो ते मोठ्याने त्याच्याकडून काढून घेऊ नये. मोठ्याने त्याला हात द्यावा. म्हणजे आळीला जमेल ते आळीने करायचं, गावाला जमेल ते गावाने. नळ मात्र आळी आणू शकत नाही, तो महापालिकेनेच आणायचा.

पोप फ्रान्सिस यांचं २०१५ चं ‘लाउदातो सी’ तेव्हा धर्मग्रामातल्या लहान समूहांच्या बैठकांत वाचलं जात होतं. सुरक्षित पिण्याचं पाणी मिळणं हा मूलभूत मानवी हक्क आहे, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. त्या वाक्याने आम्हाला पुढे चांगलंच कोंडीत पकडलं.

पुढे असलेले मार्ग

रस्ता अडवणं हा एक मार्ग. तो जलद होता, पण टँकरवाल्यांशी हाणामारी होण्याची भीती होती आणि गावात कायमची फूट पडली असती. तहसीलदारांकडे तक्रार हा दुसरा; ती आम्ही दिली, आणि तिची पोच माझ्याकडे अजून आहे. तिसरा, प्रत्येकाच्या सदसद्विवेकावर सोडून देणं. काही ज्येष्ठांना तोच योग्य वाटत होता, "चर्चने कोणाच्या विहिरीत डोकावू नये" म्हणून. पण आजींची विहीर दुसऱ्याच्या विवेकाची वाट पाहत मचूळ होत होती. चौथा मार्ग, मोजून उपसा करायचा, बंधन सगळ्यांनी मिळून घालून घ्यायचं आणि ज्याचं उत्पन्न जाईल त्याला हात द्यायचा.

चौथ्या मार्गाकडे झुकत असताना आम्ही रस्त्याकडच्या घरी गेलो. सगळ्यात जास्त टँकर तिथेच भरत. फादर, शिक्षिका आणि मी. काकी ओट्यावर पानांच्या जुड्या बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सभेत माझं नाव घेतलंत, तेव्हा मी कुठे होते? मला बोलावलं का कोणी?" मग आत जाऊन मुलीच्या नर्सिंग कॉलेजच्या फीच्या पावत्या आणल्या आणि आमच्यासमोर एकेक करून मांडल्या. केळीला भाव नाही, मजूर मिळत नाही, नवऱ्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. "विहीर आज बंद करते. पुढची पावती कोण भरणार तेवढं सांगा."

आम्ही उत्तर सोबत न नेताच गेलो होतो.

दुसरा धक्का आला तो चर्चमध्ये झाडलोट करायला येणाऱ्या ताईंकडून. त्या रेल्वेपलीकडच्या चाळीत राहतात. टँकर बंद होणार हे ऐकून त्यांनी शिक्षिकेला विचारलं, "मग बाई, आम्ही काय प्यायचं?" पाणी हा मानवी हक्क असं आम्ही दर बुधवारी वाचत होतो, आणि त्यात चाळीतली माणसं आम्ही धरलीच नव्हती. सर्वांचं हित म्हणताना ‘सर्व’ कुठे संपतात, यावर तीन सभा झाल्या. त्या सोप्या नव्हत्या. एकजण म्हणाला की शहराची तहान भागवणं हे गावाचं काम नाही. ते खोटंही नव्हतं. पण मग ताईंना तोंड कसं दाखवायचं?

काय केलं

सरसकट बंदी घातली नाही. जून ते जानेवारी, विहिरी भरलेल्या असताना, प्रत्येक विहिरीवरून दिवसाला दोन फेऱ्या. फेब्रुवारीत एक. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत एकही नाही. आळीतल्या कोणत्याही विहिरीचं पाणी ठरलेल्या खुणेखाली गेलं तर त्या आळीतला उपसा लगेच थांबवायचा.

खूण ठरवायला मोजणं आलं. दर रविवारी पहिल्या मिस्सानंतर दोन मुलं वजन बांधलेली फीत घेऊन चौदा विहिरींवर जात. फितीला खडू चोळलेला असे. भिजलेल्या खडूची रेघ वाचून आकडा वहीत लिहायचा. क्षार मोजायचं छोटं यंत्र विकत घेतलं. आकडे चर्चच्या दारातल्या फळ्यावर लागत. पहिल्या दोन महिन्यांतच, फळा वाचून, एका मालकाने सांगण्याआधी फेरी कमी केली. तोवर त्यालाही वाटत होतं की आपल्या मोटरीचा आणि शेजाऱ्याच्या विहिरीचा काही संबंध नाही.

पैशाचं असं झालं: उपवासकाळातली बचत आणि काही कुटुंबांच्या ठेवी मिळून एक निधी उभा केला आणि करार मानलेल्या दोन घरांना बिनव्याजी उचल दिली. इथे वसईची जुनी सवय कामी आली. इथल्या कॅथलिक समाजाने १९१८ साली आपसातल्या पैशातून सहकारी पतपेढी उभी केली, तीच आजची बॅसीन कॅथलिक बँक. एकमेकांच्या जामिनावर कर्ज देणं-घेणं आमच्या आजोबांच्या काळापासून अंगवळणी आहे. काकींच्या मुलीची दोन वर्षांची फी या उचलीतून गेली. ती मुलगी आता नोकरीला आहे आणि उचल फिटली आहे.

चार बावखलांपैकी दोन बावखलांचा गाळ श्रमदानाने काढला. तिसऱ्या बावखलाचा मालक परदेशात, त्याची परवानगी यायला वर्ष गेलं. चाळींच्या नळासाठी महापालिकेकडे अर्ज केला, त्यावर आमच्या गावच्या आणि चाळीतल्या बायकांच्या सह्या एकाच कागदावर घेतल्या. अर्ज द्यायलाही त्या एकत्रच गेल्या.

परिणाम

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात आजींकडे गेलो. त्यांनी चहा करून दिला. "मचूळच आहे रे, पण फाटत नाही," म्हणाल्या. मोजमापही तेच सांगत होतं: सहा विहिरींपैकी चार सुधारल्या, आजींची थोडी, एक अजून तशीच आहे. एकदा खारं शिरलेलं पाणी मागे हटायला किती पावसाळे लागतील ते आम्हाला सांगता येत नाही.

तिसऱ्या घराने, म्हणजे उघड नावं घेतली गेली त्यांतल्याच एकाने, करार मानला नाही. टँकर रात्री येऊ लागला. त्या काकांनी समूहाच्या बैठकांना येणं सोडलं, मिस्साला आले तरी मागे उभे राहत आणि आशीर्वादाआधी निघून जात. काही तरुणांना वाटत होतं की वहीतून त्यांच्या विहिरीचा रकाना काढून टाकावा. परिषदेने तो ठेवला. पाच वर्षं तो रिकामा आहे.

आणखी एक कटू गोष्ट. करार मानलेल्या दोघांपैकी एका घराने दोन वर्षांनी वाडीचा तुकडा विकला. तिथे आता इमारत उभी राहते आहे आणि तिची स्वतःची बोअरवेल आहे. पाण्याचं उत्पन्न घटलं म्हणून जमीन गेली, की ती गेलीच असती, हे मी ठरवू शकत नाही. उचल एका अडचणीपुरती होती. वाडी चालायला शेतीमालाला भाव हवा होता, आणि तिथे आम्ही काहीच केलं नाही.

टँकरही थांबले नाहीत. ते दोन किलोमीटरवरच्या गावात जाऊ लागले. चाळीत नळ आला, पण तो आमच्या अर्जामुळे आला असं म्हणणं खोटेपणाचं होईल. त्या भागाची पाणीयोजना मुळातच पुढे सरकत होती.

पुन्हा करायचं झालं तर

ज्याचं नाव सभेत निघणार त्याच्या ओट्यावर आधी जाऊन बसायचं. त्या काकांच्या घरी आम्ही काकींच्या नंतर तीन आठवड्यांनी गेलो, तोवर "गाव विकलं" हे वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. त्यांच्या रिकाम्या रकान्याचं मूळ मला तिथे दिसतं. पाण्याच्या हिशेबाआधी माणसाशी बोलणं व्हायला हवं होतं.

फळा चर्चच्या दारात लावणं ही दुसरी चूक. वाडवळ आणि भंडारी घरांच्या विहिरीही आम्ही मोजत होतो, आकडे मात्र त्यांना दिसत नव्हते. पाड्यावरच्या एका माणसाने विचारलं, "आमचं पाणी किती ते तुमच्या देवळात जाऊन बघायचं का?" त्यानंतर फळा तिठ्यावर हलवला आणि पाणी समितीत परिषदेबाहेरची पाच माणसं घेतली. हे पहिल्या दिवसापासून करता आलं असतं. सर्वांचं हित ठरवणारी सभा निम्म्या गावाचीच होती, आणि आमच्यापैकी कुणाला ते खटकलंही नव्हतं. पाड्यावर विहीर एकच, तीही उथळ. तिची खूण सगळ्यात वर ठेवायला हवी होती, कारण तिथे दुसरा आधार नाही. ते आम्ही तिसऱ्या वर्षी केलं.

हिशेबाच्या वहीतल्या "वाडी – इतर"बद्दल मी परिषदेत आणि नंतर काकींच्या ओट्यावर माफी मागितली. आता चर्चच्या वाडीचा प्रत्येक रुपया कशाचा, ते वर्षाअखेरीस वाचून दाखवतात.

टँकर ज्या गावात गेले त्यांच्याशी आम्ही तेव्हाच बोलायला हवं होतं. आपली विहीर वाचली यात आम्ही खूश होतो. त्या गावातून गेल्या मार्चमध्ये दोघेजण फीत कशी वापरायची ते बघायला आले. एका रविवारी त्यांना चौदाही विहिरींवर फिरवलं, खडू चोळलेली जुनी फीत त्यांना देऊन टाकली. आता दोन्ही गावं एकाच दिवशी मोजतात आणि आकडे एकमेकांना कळवतात. काकांच्या विहिरीवर मुलं अजूनही दर रविवारी जातात, फाटकाशी थांबून हाक मारतात आणि उत्तर आलं नाही की पुढे जातात.